खेळाच्या तासाची सूट

स्मरणिका हाती आली की वाचक आधी छायाचित्रे पाहतो, आणि आपल्या शाळेच्या छायाचित्रांत मैदानाला मानाचे स्थान आहे. कबड्डीचे संघ, लेझीमचे पथक, प्रजासत्ताक दिनाचे संचलन, ढाल उंचावलेले कर्णधार. या पानांचा अभिमान मलाही आहे. तथापि इतिहासाचा विद्यार्थी छायाचित्र पाहतो, तेव्हा त्यात कोण आहे याबरोबरच कोण नाही, हेही पाहतो. पोलिओने पाय बारीक झालेला मुलगा, कमी ऐकू येणारी मुलगी, जाड भिंगांच्या चष्म्यातूनही चेंडू न दिसणारा, सूचना समजायला वेळ लागणारा, असे विद्यार्थी प्रत्येक काळात या वसतिगृहात राहिले, शिकले, उत्तीर्ण झाले. वर्गाच्या छायाचित्रांत ते आहेत. मैदानाच्या छायाचित्रांत नाहीत.

ते कोठे असत, हे माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. ते कडुनिंबाखाली असत. इतरांच्या चपला आणि घड्याळे सांभाळीत, पाण्याची घागर राखीत, फार तर गुणफलक लिहीत. याला आपण 'सूट' म्हणत आलो. शब्द मायेचा आहे आणि तो वापरणाऱ्या शिक्षकांच्या मनातही मायाच होती, याविषयी मला शंका नाही. लागू नये, पडू नये, कोणी हसू नये, एवढीच त्यांची इच्छा. परंतु जी सूट मुलाने मागितलेली नसते आणि जी त्याला नाकारता येत नाही, तिला सूट म्हणणे भाषेला धरून नाही. गणित अवघड जाणाऱ्या मुलाला आपण गणिताच्या तासाला झाडाखाली बसवीत नाही; त्याला पुन्हा शिकवतो. शारीरिक शिक्षण हा जर शिक्षणाचाच भाग असेल, तर तेथे वेगळा न्याय का?

निवासी शाळेत तर ही गोष्ट अधिक गंभीर होते. घरी राहणाऱ्या मुलाला निदान गल्ली असते, अंगण असते, चुलत भावंडे असतात. आपल्या मुलांना सायंकाळचे तेच दीड तास आणि तेच एक मैदान. मैत्री तेथे जुळते, भांडण तेथे होते आणि मिटते, पुढे कोण मॉनिटर व्हायचे तेही बहुधा तेथेच ठरते. त्या दीड तासातून वगळलेले मूल रात्री जेवणाच्या पंगतीत बसते, तेव्हा चाललेल्या गप्पांत त्याचा वाटा नसतो. शिवाय शरीराचा हिशेब निराळाच. ज्याचे सांधे आखडतात, ज्याचे स्नायू दुर्बल आहेत, ज्याचे वजन वाढते आहे, त्याला हालचालीची सर्वाधिक गरज. आणि नेमके त्यालाच आपण बसवून ठेवतो.

याचे मूळ शोधू गेल्यास कवायतीपाशी यावे लागते. शाळेतील शारीरिक शिक्षण आपल्याकडे बऱ्याच अंशी लष्करी कवायतीतून आले. एक रांग, एक पाऊल, एक वळण. आपल्या समाजाला या शिस्तीविषयी विशेष आपुलकी आहे आणि त्याला कारणे आहेत. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. समता सैनिक दलाच्या संचलनाने पिढ्यान्‌पिढ्या वाकवलेल्या माणसांना ताठ उभे केले. ते ऋण कोणी नाकारू नये. पण सरळ रांगेला सारखीच शरीरे लागतात. लंगडत चालणारा मुलगा रांगेत आला की रांग 'बिघडते', म्हणून तो बाहेर. येथे मला आपलाच इतिहास आठवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी त्याच सैन्यात लढाया केल्या, ते जन्मानेच अपात्र ठरले. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडले. एखाद्या शरीराला आजमावण्याआधीच नालायक ठरवणे म्हणजे काय, हे ज्या समाजाने भोगले, त्याच्या शाळेत तरी पात्रतेचा निवाडा रांगेवरून होऊ नये.

बौद्ध वाङ्मयातील चूळपंथकाची कथा आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ होईना, तेव्हा थोरल्या भावाने त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते हाताळीत राहण्यास सांगितले. मळत चाललेल्या त्या वस्त्रावरून जे पाठांतराने साधले नव्हते ते त्याला उमगले. आपण ही कथा चिकाटीचा धडा म्हणून सांगतो. मला ती अध्यापनाची कथा वाटते, कारण तीत विद्यार्थी बदलला नाही, पद्धत बदलली.

खेळातही पद्धत बदलता येते, कारण खेळाचे नियम माणसांनीच केलेले असतात. १९४८ मध्ये इंग्लंडातील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी चाकाच्या खुर्चीतील सोळा जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. तीच परंपरा पुढे पॅरालिम्पिकपर्यंत पोहोचली. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात, तो खालून हाताने टाकतात, आणि पूर्ण अंध खेळाडूने काढलेली प्रत्येक धाव दुप्पट धरली जाते. गोलबॉलमध्ये चेंडूला घुंगरे असतात आणि सर्वच खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्टी असते, म्हणजे थोडे दिसणारा आणि मुळीच न दिसणारा समान पातळीवर येतात. बसून खेळायच्या व्हॉलीबॉलची जाळी पुरुषांसाठी १.१५ मीटर आणि स्त्रियांसाठी १.०५ मीटर उंचीवर बांधतात. यातील कशालाही खेळाची थट्टा म्हणून कोणी हसत नाही.

आणि हे सर्व परदेशातूनच आणावे लागते असेही नाही. आपला खो-खो पाहा. पाठलाग करणारा बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावतो आणि 'खो' म्हणतो. ऐकू न येणाऱ्या मुलीला पाठीवरचा तो हात पुरेसा आहे. कबड्डीत चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहेच; ज्याला स्पष्ट बोलता येत नाही, त्याच्या चढाईला पंचाने दमाऐवजी बोटांवर सेकंद मोजावेत, म्हणजे झाले. लगोरीत चेंडू फेकण्याची रेघ एकासाठी दोन पावले अलीकडे ओढता येते. लेझीम खुर्चीत बसूनही खेळता येते. हलगीचा ठेका ज्याला ऐकू येत नाही तो शेजाऱ्याच्या हातांकडे पाहून तो धरतो. शर्यतीच्या प्रारंभी शिट्टीबरोबर रुमाल खाली आणला तर कोणाचेच काही बिघडत नाही. दृष्टिहीन धावपटू सोबत्याच्या हातातील दोरीचे दुसरे टोक धरून धावतो. असा सोबती होणे हेही शारीरिक शिक्षणच आहे, आणि आठवीतल्या दांडगट मुलाला ते एखाद्या मूल्यशिक्षणाच्या तासापेक्षा अधिक शिकवते. गोंगाटाने आणि अचानक बदलाने कासावीस होणाऱ्या स्वमग्न मुलाला आज कोणत्या क्रमाने काय होणार, हे चार चित्रांच्या पाटीवर आधी दाखवले की तो बराच स्थिर होतो.

सरसकट सर्वांना सर्व खेळ खेळवा, असे मात्र मी म्हणत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचा वरचा सांधा सैल असतो. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्यांना कोलांटी घालू देणे धोक्याचे. फिट्स येणाऱ्या मुलाने एकट्याने पोहू नये, दोरीवर चढू नये. पण काय करू नये हे कळले, म्हणजे उरलेले सर्व करता येते. आपण मात्र एका कोलांटीसाठी पूर्ण तास नाकारतो.

विदर्भातील पालकांनी तर पुढील मजकूर अवश्य वाचावा. सिकलसेल हा आजार तेथील आदिवासींत आणि आपल्या समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले, त्यांत सिकलसेलही आहे. हे मूल दिसायला धडधाकट असते, म्हणून त्याला सूट तर मिळत नाहीच, उलट ते धापा टाकीत बसले की कामचुकार ठरते आणि शिक्षा म्हणून मैदानाला आणखी दोन फेऱ्या मारते. उन्हात, तहानलेल्या शरीराने केलेले अतिश्रम त्याच्या सांध्यांत आणि छातीत असह्य कळा आणू शकतात. त्याला खेळू द्यावे. मात्र पाणी वारंवार द्यावे, मध्ये विसावा द्यावा, भर उन्हात व थंड पाण्यात उतरवू नये, आणि 'आता पुरे' हा त्याचा शब्द अंतिम मानावा. ताप, छातीत दुखणे किंवा धाप यांपैकी काही दिसले तर तत्काळ रुग्णालयात न्यावे. फेऱ्यांची शिक्षा तर कोणालाच नको. पालकांनीही लग्न जमण्याच्या चिंतेने हा आजार शाळेपासून लपवू नये. प्रवेशाच्या वेळी सांगितलेले एक वाक्य मुलाचा जीव वाचवू शकते.

सूट देण्यामागे कधी कधी मायेखेरीज आणखीही काही असते. 'मागल्या जन्मीचे भोग' ही समजूत दीक्षेनंतरही काही घरांतून गेलेली नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना स्पष्टपणे नाकारली आहे. 'दिव्यांग' या सरकारी शब्दाविषयीही माझे मन साशंक आहे. या मुलांना दिव्यत्व नको आहे, उतार असलेली वाट हवी आहे.

सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडलबर्ग येथे जलतरणात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. त्याच जिल्ह्याचे सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत रौप्य मिळवले. त्यांची नावे आपण परिपाठात घेतो, टाळ्या वाजवतो आणि मग कडुनिंबाखालच्या मुलाला चपला राखायला बसवतो. त्या मुलाला पदक मिळवायचे नाही. खेळण्यासाठी पदकाची हमी आपण इतर मुलांकडून कधी मागितली?

साठ मुलांमागे एक क्रीडाशिक्षक, ही अडचण खरी आहे. परंतु गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना आपण लेखन-वाचनासाठी बोलावतो, मैदानावर बोलावत नाही. ते बोलावता येईल. कायद्याचे कलम १६ तर शाळेला स्पष्टच सांगते की प्रवेश भेदभावाविना द्या आणि खेळ व करमणुकीच्या संधी इतरांच्या बरोबरीने द्या. ही कृपा नाही, कर्तव्य आहे.

आता पैशाविषयी. माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी भव्य कमान उभारण्याचा संकल्प केला आहे. त्यामागील कृतज्ञतेचा मला आदर आहे. तरीही माझे मत असे की कमान एक-दोन वर्षे थांबू शकते. त्या निधीतून वसतिगृहापासून मैदानापर्यंतची वाट सपाट करावी, पायऱ्यांच्या जागी उतार करावा, शौचालयाला आधाराचे दांडे बसवावेत, घुंगरांचे चार चेंडू आणि दोन क्रीडा-खुर्च्या घ्याव्यात, आणि क्रीडाशिक्षकांना प्रशिक्षणासाठी पाठवावे. वाटेचे काम उन्हाळ्याच्या सुटीत हाती घेतले, तर जूनमध्ये येणाऱ्या नव्या मुलांना ती पहिल्या दिवसापासून वापरता येईल.