जीपमधला पाट

निवृत्तीच्या पैशांत माणसे काशी-रामेश्वर करतात. मी एक जुनी जीप घेतली. ‘घरात दोन म्हातारी माणसे होतीच, आता तिसरे आले,’ एवढेच ही म्हणाली. त्या दोघांत एक माझी आई, वय वर्षे ८२. दुसरे कोण, हे विचारण्याचे धाडस मी केले नाही.

गाडी विलीज घराण्यातली, चारही चाकांनी ओढणारी. डोंगरात न्यायची तर बरोबर हत्यारे हवीत. रविवारच्या रविवारी जुन्या बाजारात जाऊन मी फिक्स पाने, रिंग पाने, गोटी पान्यांचा अख्खा संच, तीन पकडी, दोन हातोड्या आणि कशासाठी ते आजही सांगता येणार नाही अशी एक करवत जमवली. पेटी उचलायला दोन माणसे लागत. ही म्हणाली, ‘मी प्रवासाला निघताना सगळी मांडणी उचलून नेते का? काय रांधायचे ते आधी ठरवते.’ बायकांना यंत्रातले काय कळते, असा विचार माझ्या मनात आला, हे कबूल करतो.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर आईला रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ दाखवायला नेले. मुक्काम शेंडीला होता. परतताना मला दुर्बुद्धी सुचली. एवढी चारही चाकांची गाडी, आणि डांबरावरूनच जायचे? भातखाचरांच्या कडेने एक बैलगाडीची वाट दिसली. घातली गाडी! अर्ध्या मैलावर मागचे डावे चाक एका धारदार दगडावर गेले आणि फुस्स झाले.

साडेसहा वाजले होते. आईचे रात्रीच्या जेवणाआधीचे इन्शुलिन शेंडीला खोलीवर. मी मोठ्या ऐटीत पेटी उघडली. पाना नटावर घातला, डावीकडे रेटला. नट हलेना. मग पान्याच्या दांड्यावर उभा राहिलो, उड्या मारल्या. कट्ट असा आवाज झाला आणि पाचांपैकी एक बोल्टच मोडून हातात आला. जॅक लावला, तर गाडी वर येण्याऐवजी तोच चिखलात खाली जाऊ लागला. काळोख पडत होता. आई काही बोलत नव्हती, आणि तेच मला जास्त लागत होते.

एवढ्यात एक म्हातारबाबा गवताचा भारा घेऊन आले. एके काळी सरकारी जीपवर क्लीनर होते म्हणे. त्यांनी आधी बाकीच्या चाकांना दगड लावले, मग माझ्याकडे पाहिले. ‘सायेब, डाव्या अंगाचं चाक हाय. उलटं फिरवा.’

वाचकहो, ह्या जातीच्या जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, चाक फिरताना नट सैल पडू नये म्हणून. बोल्टाच्या टोकावर पुष्कळदा इंग्रजी ‘एल’ही कोरलेला असतो. नट सोडवण्यासाठी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. म्हणजे इतका वेळ मी नट घट्ट करीत होतो!

राहिला जॅक. म्हातारबाबा म्हणाले, ‘खाली फळी घाला.’ माझ्या पेटीत तीन पकडी होत्या, फळी नव्हती. तेव्हा आई उठली आणि बसायला म्हणून आणलेला आपला पाट पुढे केला. तो तिच्या लग्नातला. मी नको म्हणालो. ‘मग काय इथेच राहायचे?’ ती म्हणाली. पाटावर जॅक, जॅकवर जीप. वजन येताच पाट मधोमध तडकला, पण तुटला नाही. चार नटांवर हळूहळू आठ वाजता शेंडी गाठली.

घरी आल्यावर मी एक काम केले, ते आधीच करायला हवे होते. वाटेत जे जे नट सोडावे लागण्याचा संभव, ते सारे वाड्याच्या अंगणात स्वतःच्या हाताने सोडले आणि पुन्हा बसवले. ज्या पान्याला काम मिळाले तो पेटीत, बाकीचे माळ्यावर. तेव्हा आणखी एक अज्ञान उघडे पडले. जुन्या जीपचे नट इंची मापाचे. पाऊण इंच आणि १९ मिलिमीटर सख्खे भाऊ, एकाचे काम दुसरा करतो. पण अर्धा इंच म्हणजे १२.७, त्यावर १३चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करतो. माझा अर्धा संच असल्या तोतयांचा होता.

आता सात-आठ पाने, एक पकड, तार (सायलेन्सर लोंबू लागला तर बांधायला), पंख्याचा सुटा पट्टा, पंप, दोरखंड आणि फावडे एवढेच नेतो. चिखलात चाकांतली थोडी हवा सोडली की गाडी निघते, मात्र पुढे ती पुन्हा भरावी लागते, म्हणून पंप. फावड्याला ही हसली. पण दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या अंगाला बाहेरूनच फावडे आणि कुऱ्हाड पट्ट्यांनी बांधलेली असत, हे मी तिला छायाचित्रात दाखवले.

जॅकखाली घालायला सागाची चांगली जाड फळी सुताराकडून करून आणली. आईचा पाट मात्र गाडीतच राहून गेला होता. भाऊबीजेला मामा आले, तेव्हा आईने मला खाली पिटाळले. चिखल धुऊन पाट मांडला. मामा वजनदार गृहस्थ. ते टेकताच पाट करकरला. मामा दचकून उठू लागले.

‘बस रे,’ आई निरांजन लावता लावता म्हणाली, ‘त्याने जीप पेलली आहे.’