‘काहीच दुखणार नाही’ असं मुलांना का सांगू नये?

डॉक्टर गाणं म्हणतायत, खुळखुळा वाजवतायत, बाळ खुदकन हसतंय आणि तेवढ्यात इंजेक्शन देऊन झालंसुद्धा. असे रील तुमच्याही फीडवर येऊन गेले असतील. त्यातली युक्ती खोटी नाही. पण रील अर्ध्या मिनिटाचं असतं. मुलाला ॲडमिट करावं लागलं, रोज रक्त काढायचं असलं, हाताला सलाइन लावलेलं असलं, तर खुळखुळा किती वेळ पुरणार?

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये लस देताना होणाऱ्या वेदना कमी करण्यासाठी शिफारशी जाहीर केल्या. त्यातल्या बऱ्याचशा बिनखर्चाच्या आहेत. बाळाला टेबलावर आडवं दाबून धरण्याऐवजी आईबाबांनी मांडीवर बसतं धरावं. तान्हं बाळ असेल तर टोचण्याच्या वेळी किंवा त्याआधी लगेच अंगावर पाजावं. एकाच वेळी दोन-तीन लशी असतील, तर सगळ्यात जास्त दुखणारी शेवटी द्यावी. सहा वर्षांखालच्या मुलांचं लक्ष दुसरीकडे वळवावं, म्हणजे रीलमधले डॉक्टर करतात तेच.

याच शिफारशींमध्ये शब्दांबद्दलही सांगितलंय. ‘आता टोचणार हं’ म्हणून घाबरवू नये आणि खोटा दिलासाही देऊ नये. ‘एकच सेकंद दुखेल’ हे वाक्यसुद्धा टाळायच्या यादीत आहे. त्याऐवजी ‘चला, सुरू करूया’ एवढं पुरतं.

आपल्याकडे मात्र उलटंच चालतं. चॉकलेट आणायला जाऊ म्हणून मुलाला थेट दवाखान्यात नेलं जातं. घरी मस्ती केली की ‘डॉक्टरकाका सुई टोचतील’ ही धमकी ठरलेली. म्हणजे आधी सुई ही शिक्षा आहे असं शिकवायचं आणि मग ती दुखत नाही म्हणायचं! तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तसंही आपण काहीतरी चुकलो म्हणून आजारी पडलो असं वाटू शकतं. धमकीमुळे ते पक्कं होतं.

एकदाच फसवलं तर एवढं काय बिघडतं? ल्युकेमियाचं उदाहरण घ्या. लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा हा कर्करोग. त्याचे उपचार अनेकदा दोन वर्षांहून जास्त चालतात, त्यात पाठीच्या कण्याजवळ पुन्हा पुन्हा सुई घालावी लागते. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून अशी मुलं येतात. पहिल्याच वेळी फसवलं गेलेलं मूल दुसऱ्या वेळी दारातूनच रडायला लागतं आणि तिसऱ्यांदा चार जणांना धरावं लागतं. सुईची ही भीती काहींच्या मनात मोठेपणीही राहते आणि ते लस, तपासण्या टाळत राहतात.

आईवडील जवळ असणं हा यातला सगळ्यात जुना मुद्दा. ब्रिटनमध्ये पूर्वी मुलांच्या वॉर्डात पालकांना जेमतेम भेटू देत. 1952 मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी ऑपरेशनसाठी दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म केली. आईविना आठ दिवसांत ती कशी मिटत गेली हे त्यात दिसलं. 1959 मध्ये तिथल्या प्लॅट समितीने पालकांना मुलाला कधीही भेटू द्यावं, अशी शिफारस केली. आपल्या सरकारी रुग्णालयात आई खाटेशेजारी असतेच, कारण तिच्याशिवाय वॉर्ड चालणं कठीण. पण आयसीयूचं दार अनेक ठिकाणी बंदच असतं. नवजात बाळांच्या विभागात आईवडिलांना देखभालीत सामील करून घेण्याबाबत केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना 2017 मध्ये आल्या.

अमेरिकेत मुलांना उपचारांसाठी मनाने तयार करणारे ‘चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट’ असतात. ते बाहुलीला सलाइन लावून दाखवतात, मुलाला स्वतःला लावून बघू देतात. आपल्याकडे बहुतेक रुग्णालयांत असं पदच नाही. पण बाहुली घरी असते.

जागा बधिर करणारं क्रीमही मिळतं. ते साधारण तासभर आधी लावावं लागतं, त्यामुळे डॉक्टरांना आधीच विचारायला हवं. आणि ‘सुई टोचू का?’ असं मुलाला विचारू नये. ते ‘नाही’ म्हणालं तरी ऐकलं जाणार नसतंच. ‘कुठल्या हाताला?’ हे मात्र विचारता येतं, आणि उत्तर आलं की तोच हात धरायचा.