लोकलमधलं स्तवन आणि शेजारणीचे कान



कॉलेजच्या मुलींनी लोकलमध्ये मोठ्याने रील लावली की आपण लगेच टोकतो. मग आपल्याच वयाच्या बाईने स्पीकरवर स्तवन किंवा महाराजसाहेबांचं प्रवचन लावलं, तर गप्प का बसतो? देवाधर्माचं आहे म्हणून? मला हे पटत नाही.

पनवेलहून सीएसएमटीला जायला हार्बर लाइनच्या गाडीला साधारण एक तास वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात महिला डब्यात कुणी डुलकी काढते, कुणी परीक्षेचं वाचते, कुणी मेथी निवडते. गाडी पनवेलला सुटते म्हणून आपल्याला खिडकी मिळते, सगळा डबा काही मिळत नाही!

नियम आहेत. एप्रिल २०२३ मध्ये ‘बेस्ट’ने आपल्या बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइलवर मोठ्याने काही ऐकायला-पाहायला मनाई केली. रेल्वेच्याही सूचना आहेत. पण भरलेल्या डब्यात पोलीस कुणाकुणाच्या पर्समध्ये वाजणारा मोबाइल शोधणार?

कुणी म्हणेल, लोकलमध्ये भजनी मंडळं असतातच की. त्यांच्याबद्दलही लोक कुरकुरतात, पण निदान तिथे माणसं स्वतः गातात. जरा हळू म्हणा, असं सांगायला समोर कुणी तरी असतं. इथे बाई वाशी यायच्या आत झोपते आणि मोबाइल गात राहतो. शिवाय त्या चिमुकल्या स्पीकरमधून चार सीट पलीकडे शब्द पोचतच नाहीत, नुसती किरकिर पोचते.

इअरफोनची अडचण मला कळते. कानातल्या कुड्या टोचतात, बिनतारी असेल तर गर्दीत कुठे पडेल याची धास्ती. आणि नव्या बऱ्याच फोनना गोल पिनचं छिद्रच नसतं, त्यामुळे मुलाचा जुना इअरफोन बसत नाही. पण चार्जिंगच्या जागी बसणारे, टाइप-सी पिनचे तारेचे इअरफोन मिळतात. एकाच कानात घालावा, म्हणजे पुढचं स्टेशनही ऐकू येतं. तेही नको असेल तर बोटांच्या पेरांवर नवकार मोजावा, त्याला चार्जिंगसुद्धा लागत नाही.

सांगताना मात्र सुनावू नये. “ताई, ही मुलगी झोपलीय, जरा बंद करता का?” एवढं पुरतं. बहुतेक जणी लगेच करतात. एखादी फणकारते, “धर्माचंच तर आहे!” तेव्हा मी विचारते, समोरच्या बाकावर कुणी पाय टाकलेत, शेजारी कांद्याची भजी चाललीयेत, खाली चपलांचा ढीग आहे. अशा ठिकाणी भगवंताचं स्तवन वाजवत ठेवणं ही आशातना नाही का? देरासरात आपण हे चालवून घेऊ का?

यावर अजून तरी कुणी उलट उत्तर दिलेलं नाही. मानखुर्दपर्यंत माझ्याशी बोलत नाहीत, तेवढं मला चालतं.