बाराही महिने चालण्याजोग्या पदपथांसाठी दिव्यांग नागरिकांचे निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, अमरावती महानगरपालिका
मा. आयुक्त, अकोला महानगरपालिका

विषय : पावसाळा व उन्हाळ्यात पदपथ दिव्यांगांसाठी सुगम ठेवण्याबाबत.

महोदय,

राजीव रतुरी प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना विनाअडथळा वावरता यावे यासाठीचे, किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत असा निर्वाळा दिला, आणि 14 मे 2025 रोजी दुसऱ्या एका प्रकरणात पदपथाचा वापर हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील हक्काचा भाग मानला. तथापि बांधलेला पदपथ वर्षभर वापरण्याजोगा राहण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरल्याखेरीज या निर्णयांचा लाभ रस्त्यावर पोहोचत नाही.

पूर्णा खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते, त्यामुळे नीट पाया न भरता बसवलेले पेव्हर ब्लॉक वरखाली होऊन व्हीलचेअरची पुढची लहान चाके अडतात आणि पांढऱ्या काठीचे टोक फटीत रुतते. थंड देशांत रस्त्यावरून लोटलेला बर्फ नेमका पदपथावर चढण्याच्या उताराच्या तोंडाशी साचतो. वऱ्हाडात ते काम नालीतून उपसलेला गाळ करतो. 1:12 प्रमाणाचा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा, उतार नियमाबरहुकूम असला तरी गाळाखाली गेल्यावर तो केवळ कागदावर उरतो.

डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारलेल्या अमरावतीत आणखी एका घटकाचा विचार अपरिहार्य ठरतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 कुष्ठरोगमुक्तांनाही दिव्यांग मानतो. त्यांच्यापैकी ज्यांच्या तळव्यांची संवेदना गेली आहे, त्यांना पारा 45 अंशांपुढे गेल्यावर तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही आणि जखम चिघळल्यावरच लक्षात येते. म्हणून सावलीची झाडे उद्यान विभागाच्या मर्जीवर न सोडता पदपथाच्या आराखड्यातच धरावीत.

सबब, उपसलेला गाळ 48 तासांत उचलण्याची अट नालेसफाईच्या कंत्राटातच घालून तिची पूर्तता झाल्याखेरीज देयक अदा करू नये. अमरावतीतील इर्विन रुग्णालय व अकोल्यातील सर्वोपचार रुग्णालय यांकडे जाणारे पदपथ प्रथम दुरुस्त करून तेथे किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी ठेवावी. जलवाहिनी वा केबलसाठी खोदकाम झाल्यास स्पर्शफरशी, अर्थात अंधांना पायाने दिशा कळावी म्हणून बसवलेली उंचवट्यांची फरशी, पूर्वीच्याच रेषेत पुन्हा बसवून घ्यावी आणि दरवर्षी मे महिन्यात दिव्यांगांना सोबत घेऊन प्रत्यक्ष पाहणी करावी. पहिल्या पाहणीची तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

निवेदक,
अमरावती व अकोला येथील दिव्यांग नागरिक