स्वीर : दोन सरोवरांमधील नदी

गेल्या आठवड्यांत धाकट्या नातीनें नकाशापुस्तक पुढें करून विचारलें, "आजोबा, ही नदी कोणत्या डोंगरांतून निघते?" तिचें बोट रशियाच्या वायव्य भागांतील स्वीर नदीवर होतें. नदीच्या उगमाशीं डोंगर आणि मुखाशीं सागर, असें मीं पस्तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतलें. स्वीरला दोन्ही नाहींत. ओनेगा सरोवरांतून ती निघते, 224 किलोमीटर वाहते आणि लादोगा सरोवरास मिळते. (रशियन भाषेंतही हें नांव स्त्रीलिंगीच आहे, हें पाहून व्याकरणाच्या जुन्या शिक्षकास बरें वाटलें.)

ओनेगाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारें 33 मीटर, लादोगाची 5. म्हणजे साऱ्या वाटेंत उतार केवळ 28 मीटरांचा. परंतु तो सारखा वांटलेला नव्हता. मधल्या भागांत खडक आणि खळाळ होते. तेथून नावा पार नेण्यास प्रवाह ओळखणारे वाटाडेच लागत.

त्यांचें महत्त्व असें कीं, व्होल्गेकडील धान्य सेंट पीटर्सबर्गास याच वाटेनें जाई. 1810 सालीं खुल्या झालेल्या मारिईन्स्की जलमार्गाचा स्वीर हा एक दुवा होय. तिच्या अलीकडे वितेग्रा नदी व ओनेगा, पलीकडे लादोगा व नेवा. गंमत अशी कीं, नदीपेक्षां सरोवरांचेंच भय अधिक! वादळांत मालाच्या नावा बुडत, म्हणून सरोवरांच्या कांठाकांठानें कालवे खणले गेले. समोर अथांग पाणी असतां शेजारीं चर खणणें प्रथमदर्शनीं वेडेपणाचेंच वाटेल.

खळाळांचा बंदोबस्त धरणांनीं केला. खालच्या धरणाचें विद्युत्केंद्र 1933 सालीं चालूं झालें. पायाखालीं मऊ चिकणमाती; म्हणून ग्राफ्तिओ या अभियंत्यानें इमारत मुद्दाम किंचित् कलती बांधली आणि पाण्याच्या भारानें ती सरळ झाली. युद्धामुळें रखडलेलें वरचें धरण 1951 नंतर पुरें झालें. 1964 सालीं व्होल्गा-बाल्टिक जलमार्ग सुरू होऊन मोठीं जहाजें येऊं लागलीं. हिवाळ्यांत मात्र बर्फामुळें तीं थांबतात.

हें सारें नातीला कौतुकानें सांगितलें. एक गोष्ट मात्र सांगवेना. 1931 पासून कांहीं वर्षें याच कांठीं बंदिवानांची छावणी होती. लांकूडतोड हें तेथील मुख्य काम. ग्रीक तत्त्वज्ञानाचे पंडित अलेक्सेइ लोसेव यांनाही त्या काळीं स्वीरकांठीं बंदिवान म्हणून राबावें लागलें. बंदिवासांत त्यांची दृष्टि जवळजवळ गेली. पुढें त्यांनीं प्राचीन सौंदर्यविचाराचा इतिहास खंडामागून खंड लिहून काढला, तो बहुतांशीं दुसऱ्यांकरवीं वाचवून व लिहवून घेऊन.

"मग ते खळाळ गेले कुठें?" नातीनें विचारलें.

"आहेत तेथेंच, बाळ. पाण्याखालीं आहेत."