विश्लेषण : ‘डोळ्यांची उघडझाप करा’ म्हणणारं अ‍ॅप अंधांनी वापरायचं कसं?

बँकेत खातं उघडायचं असेल तर आता केवायसी घरबसल्या मोबाइलवर होते. चेहरा चौकटीत आणा, डोळ्यांची उघडझाप करा, झालं काम! पण ज्यांना ती चौकटच दिसत नाही, त्यांचं काय? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिल २०२५ रोजी त्यावर महत्त्वाचा निकाल लागला.

अंध व्यक्ती मोबाइल कसा वापरतात?

ऐकून. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर असतं, तर विंडोजसाठी एनव्हीडीए मोफत मिळतं.

मग अडतं कुठे?

स्क्रीन रीडर पानामागचा कोड वाचतो. त्यात बटणाला नावच दिलेलं नसेल तर फक्त ‘बटण’ असं ऐकू येतं. ते ‘पैसे पाठवा’चं आहे की ‘रद्द करा’चं, हे कळायला मार्ग नसतो. अर्जातल्या रकान्याला लेबल नसेल तर तिथे नाव लिहायचं की पिनकोड, हेही समजत नाही. स्कॅन करून टाकलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो.

‘वेब-एम’ ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइट्सची मुख्य पानं तपासते. २०२५ मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या चुका आढळल्या.

शेवटी फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो आणि त्याबरोबर ओटीपीही. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असं एकीकडे बजावायचं आणि दुसरीकडे तो सांगितल्याशिवाय काम होऊ द्यायचं नाही, असा हा प्रकार.

न्यायालय काय म्हणालं?

अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि एक अंध व्यक्ती यांच्या याचिकांवर न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं आणि २० निर्देश दिले. डोळ्यांच्या उघडझापीला दुसरा पर्याय द्या, ठरावीक काळाने अ‍ॅक्सेसिबिलिटी ऑडिट करा, चाचणीत अंध व्यक्तींना सहभागी करून घ्या, हे त्यातले काही.

आधी कायदा नव्हता का?

होता. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. पण त्याखालचे निकष सूचनेच्या स्वरूपात राहिले होते. किमान नियम सक्तीचे करा, असं न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दुसऱ्या एका प्रकरणात सरकारला सांगितलं. आता खरा प्रश्न अंमलबजावणीचा आहे. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दंड जास्तीत जास्त १० हजार रुपये. मोठ्या कंपन्यांना त्याचा धाक कितपत वाटेल?

आपण काय करू शकतो?

फोटो पोस्ट करताना ‘ऑल्ट टेक्स्ट’चा पर्याय असतो. त्यात फोटोत काय आहे ते एका ओळीत लिहा. रक्त हवं असल्याचं आवाहन, परीक्षेची तारीख किंवा पुराचा इशारा फोटोच्या रूपात टाकत असाल, तर तोच मजकूर कॅप्शनमध्येही टाइप करा. नाहीतर तो अंध वाचकापर्यंत पोहोचणारच नाही.