गोसीखुर्दच्या पाण्यात गळ कोणाचा, जाळे कोणाचे?

नागपूर : गोसीखुर्दचे पाणी अडविले गेले ते शेतीसाठी. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा प्रकल्पाची किंमत ३७२ कोटी रुपये होती आणि अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणण्याचे उद्दिष्ट होते. पुढे खर्च अनेक पटींनी वाढला, राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, कालवे मात्र रेंगाळत राहिले. जलाशय तेवढा भरला आणि आता त्याच्याकडे पर्यटनाच्या नजरेने पाहिले जात आहे. २०२४ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी येथील सुमारे शंभर कोटींच्या जलपर्यटन प्रकल्पाचे भूमिपूजन केले. कुही तालुक्यातील आंभोऱ्याच्या संगमावर झालेल्या नव्या पुलामुळे नागपूरकरांची वर्दळ आधीच वाढली आहे.

जलपर्यटन म्हटले की जेट स्की, वेगवान नौका आणि तरंगते धक्के डोळ्यांपुढे येतात. हौशी मासेमारीचे नाव क्वचितच निघते. वास्तविक परदेशांत नौकातळांच्या आसपास एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, म्हणजे कयाक, आणि हलका गळ घेऊन मासे पकडणे हा मोठा छंद आहे. धक्क्याच्या खांबांवरचे शेवाळ खायला येणारा बोई मासा हे तेथील मंडळींचे आवडते सावज. बोई हा समुद्राचा आणि खाडीचा मासा, वैनगंगेत त्याची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. पण रोहू, कटला, मृगळ आणि मरळ आहेतच. इंजिनाचा आवाज नाही, तेलाचा तवंग नाही आणि पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडता येतो. मुंबईच्या पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनने हा छंद अनेक दशके जोपासला आहे.

अडचण आहे ती वेगळीच. पाण्यातला मासा कोणाचा?

रोहू-कटल्यासारखे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची नैसर्गिक पैदास पुरेशी होत नाही. त्यामुळे ठेक्याच्या जलाशयांत मत्स्यबीज, म्हणजे बोटुकली, विकत आणून सोडावी लागते. म्हणजे ज्याला शहरी पर्यटक निसर्गाचे देणे समजून गळाला लावील, तो मासा प्रत्यक्षात कोणाची तरी गुंतवणूक असतो. सहकारी संस्थेच्या ठेक्याच्या पाण्यात हे भांडवल धीवर, भोई कुटुंबांनी घातलेले असते. मरळीची गोष्ट याहून निराळी. ती काठालगतच्या उथळ, गवताळ पाण्यात पिले वाढविते, आणि धक्के बांधायला, काठ सपाट करायला सोयीची जागाही नेमकी तीच असते. शिवाय संध्याकाळी लावून ठेवलेल्या जाळ्यांवरून वेगवान नौका गेली, तर फाटलेल्या जाळ्याची भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न कागदावर किरकोळ दिसला तरी डोंगा वल्हविणाऱ्याला तो किरकोळ नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. उभ्या पिकातून कोणी सहलीची गाडी नेऊ लागला, तर शेतकरी काय करील?

कायद्याची ढालही फारशी जाड नाही. नागपूरच्या फुटाळा तलावावरील संगीत कारंजे व प्रेक्षक दीर्घेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये निर्णय दिला की, मानवनिर्मित असल्याने हा तलाव २०१७ च्या पाणथळ नियमांत बसत नाही. त्या नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेलेच आहेत. त्यामुळे गोसीखुर्दचा काठ वाचविण्यासाठी त्यांचा आधार मिळणे कठीण दिसते. मात्र सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व कृत्रिम जलाशयांनाही लागू होते, असे न्यायालयाने याच निकालात म्हटले आहे. मच्छीमार संस्थांना युक्तिवाद करायचा झाला तर तो येथून सुरू करावा लागेल.

तोडगा अशक्य नाही. गळाच्या मासेमारीचा परवाना त्या त्या पाण्यातील मच्छीमार संस्थेमार्फतच द्यावा, शुल्कातून बोटुकलीचा खर्च भागवावा, पावसाळ्यातील विणीचे महिने वर्ज्य करावेत आणि वाटाड्या व जीवरक्षक म्हणून याच समाजातील तरुणांना घ्यावे. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या खुणा, बुडालेली झाडे आणि जुना नदीपात्राचा खोल भाग त्यांना जितका ठाऊक आहे, तितका बाहेरून येणाऱ्या ठेकेदाराला नसणार. नागपूरजवळच्या वेणा जलाशयात जुलै २०१७ मध्ये नाव उलटून तरुणांचे बळी गेले होते. जीवरक्षक जाकिटाची सक्ती कयाकलाही हवी.

आणि पाण्याचे काय? नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून आंभोऱ्यापाशी वैनगंगेला मिळते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे दोन हजार कोटींचा प्रकल्प मंजूर झालेला आहे. त्याचे काम पुढे सरकल्याशिवाय संगमावर कयाक उतरवली, तर नागपूरचा हौशी पर्यटक आपल्याच शहराने सोडलेल्या पाण्यात गळ टाकून बसेल. धीवर त्याच पाण्यात रोज उतरतो.